वगळलेले ठोके

३ ऑक्टोबर
आले एकदाची. चहूकडे कड्यांची भिंत, तळाशी काळ्या राखेत द्राक्षाचे वेल आणि मधोमध ज्वालामुखीचा डोंगर, मुकाट बसलेला. भूकंपमापक यंत्राची खोली न्या एदुईनांच्या अंगणाला लागूनच आहे; इथे थोरल्या बाईंना न्या म्हणतात, बुवांना न्यो. त्यांनी काचुपा वाढला, मका-घेवड्याचा रस्सा. त्यांचे यजमान न्यो अनिसेतो म्हणाले, शहरातली पोर वाऱ्यानं उडायची, पायाला दगड बांधा हिच्या. फार हसलो. बाबांनी मला घरीच शिकवलं. खात्री नसेल ते लिहायचं नाही, एवढा एकच धाक. तो इथे उपयोगी पडेल.

५ ऑक्टोबर
काम समजलं. जमिनीच्या थरथरीचा आलेख रोज राजधानीत साहेबांकडे पाठवायचा, त्यातली माणसांची खडखड वगळून. ट्रक, शेळ्या आणि पहाटेचे ठोके. साहेब म्हणाले, बायका मका कांडतात, मुसळ खडकातून थेट यंत्रात उतरतं. संगणकालाच गाळायला सांग. तसं केलं. आलेख आता आरशासारखा स्वच्छ.

१४ ऑक्टोबर
न्यो अनिसेतो गेले. तळघरात पिंपं पाहायला उतरले ते वर आलेच नाहीत. शेजारी म्हणाले, द्राक्षं आंबतात तेव्हा तिथली हवा मरते, दिवासुद्धा विझतो; म्हातारा दिवा न घेता गेला. मीही मान डोलावली. माझ्या आलेखात काहीच नव्हतं.

१७ ऑक्टोबर
अंगणात उखळ पालथं दिसलं. विचारलं, तर न्या एदुईना म्हणाल्या, सुतकात मुसळाला हात लावत नाहीत, एवढंही आईनं शिकवलं नाही? आणि तसंही, खांदा धरल्यामुळे द्राक्षांच्या तोडणीपासून ते पालथंच आहे. मका बहिणीकडून कांडून येतो.
तोडणी मी येण्याआधीची.
मग मी रोज काय वगळत होते?
गाळलेले आलेख उघडले. ठोके. तळघराच्या बाजूने. ते गेले त्या सकाळी सर्वांत जोरात.

१८ ऑक्टोबर
फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. साहेब म्हणाले, मुली, मयताच्या घरात राहून मन हळवं झालंय तुझं, आलेख स्वच्छ आहे. म्हटलं, स्वच्छ मीच केलाय. गाळणी काढून सगळं पाठवलं.
न्या एदुईनांना नाही सांगितलं. त्यांनी कॉफी दिली. मी प्यायले.

१९ ऑक्टोबर
आता ठोके दोन. एक पडतो, तोवर दुसरा उचलला जातो. एका उखळाशी दोन माणसं असावीत तसे. जमीन अशी वाजत नाही.

२० ऑक्टोबर
साहेबांचा हुकूम आला, गाव रिकामं करा. ट्रक भरताहेत. न्या एदुईनांना सगळं सांगितलं — माझी चूक, ठोके, दोन मुसळं. वाटलं, थोबाडीत मारतील. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्यासोबत एकदा मुसळाला हात लावला नाही मेल्यानं. कोण आहे ती त्याच्याबरोबर?"
हसल्या. मला वाटलं, थट्टा —

दुपार
त्या ट्रकमध्ये नाहीत. तळघराचं दार उघडं. दिवा पहिल्याच पायरीवर विझतो. हाका मारल्या. दोरीसाठी माणसं बोलावली, ती येताहेत — म्हणाली येताहेत —
मी सांगायला नको होतं. आधी सांगायला हवं होतं.

यंत्रावर तीन. एकामागून एक, तीन, मग एक जागा रिकामी. पुन्हा तीन. रिकामी. चुकत नाहीत. त्या जागी कुणीतरी —
ट्रक भोंगा वाजवतोय. डोकं जड. मी फक्त दारापर्यंत, त्या दिसतात का एवढंच पाहून