पांढरीची माती

बाळूच्या आईस, अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला खरा, पण आता तो मी द्यावा की तू, हे कळत नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि मीही चौथीच्या पुढं गेलो नाही. तरी लिहितो, कारण सकाळपासून कोठाराच्या दारात बसून आहे आणि दुसरं काही सुचत नाही. थोड्या वेळात धाकटे मालक जमीन बघायला यायचे आहेत. तू सारवायचीस ती जमीन. राहते की जाते, ते आज ठरेल.

तू गेल्यावर इथं काय झालं ते आधी सांगतो. सगळ्या रानात ऊस झाला. ज्वारीच येईना, तर संस्थानच्या वेळचं एवढं दगडी कोठार ठेवून करायचं काय? मालकांनी आत विटांच्या पडद्या घालून चार खोल्या काढल्या आणि मुंबईच्या पाहुण्यांची राहायची सोय केली. जाड गाद्या, गरम पाण्याचा नळ, खिडक्यांना काचा. माणसं मोटारीनं येतात, दोन दिवस नुसती बसून राहतात आणि फार आराम झाला म्हणतात! तुझी कंबर मोडली ती याच जागेत.

मी राखणीलाच आहे. मागं एका बाईंनी विचारलं, "बाबा, इथं पूर्वी काय असायचं?"

"ज्वारी."

"आणि तुम्ही काय करायचा?"

"ज्वारीची राखण."

"आणि आता?"

"आता तुमची."

बाई खूप हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

तीन खोल्यांत शहाबादी फरशी बसली. शेवटची तेवढी तशीच ठेवली, पाहुण्यांना मातीची जमीन आवडते म्हणून. पण लोखंडी खाटांच्या पायांनी तिला खड्डे पडले. मालक म्हणाले, "तात्या, पंधरा दिवसांत नीट होत असेल तर बघा. नाहीतर इथंही फरशी टाकतो. गाडी सांगून ठेवलीय."

करतो, म्हणालो. कुठल्या तोंडानं म्हणालो? उभ्या जन्मात कधी सारवलं नव्हतं. कोठाराच्या मागची माती आणली, शेण कालवलं, गुडघे टेकून थर दिला. दुसऱ्या दिवशी छान दिसत होता. चौथ्या दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा! शेण कमी पडलं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा भेगा. पंधरातले नऊ दिवस असे गेले.

शेवटी तुझ्या जोडीनं सारवणाऱ्या हौसाबाईला बोलावलं. ती दारातूनच हसायला लागली.

"आवं तात्या, ह्यो काय आटल्याला वढा केलाय?"

"शेण कमी पडलं का?"

"शेणाचं काय न्हाई. काळी माती हाय ही, वाळली की उकलनारच. आमी वरच्या पांढरीची आणायचो. जुन्या गावठाणाची माती, तिला भेग न्हाई."

"मग हिनं मला कधी सांगितलं न्हाई ते?"

"तुमी कवा इचारलं? तुमी निस्तं वरडायचा."

खरं आहे. तुम्ही दोघी सकाळी पाट्या घेऊन जायचा ते उन्हं डोक्यावर आल्यावर परत यायचा. मी दारात उभा. "माती काय, कोठाराच्या मागं ढीगभर पडलीय! गप्पा हाणायला जाता!" तू पाटी उतरवायचीस, पाणी प्यायचीस आणि कामाला लागायचीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, की ती माती चालत नाही! मी ऐकलं असतं का? बहुधा नसतं. तरी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पांढरीवर गेलो. एवढा चढ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. एका पाटीला वाटेत तीनदा बसलो.

भेगाळलेला थर खरवडून काढला, तर खाली तुझा थर लागला. तुझ्या हाताचे फराटे तसेच होते. तू डावखुरी, म्हणून उलटे वळलेले. मग त्यावर नवी माती घातली. घातली नसती तर फरशी पडली असती.

आज पाचवा दिवस. भेग नाही. तरी घटकेघटकेला उठून आत बघून येतो.

इथवर लिहिलं आणि मोटार आली. मालकांनी टाचेनं दाबून पाहिलं, मग वाकून हात फिरवला.

"तात्या, कुणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलं."

"काय सांगता!" म्हणाले. मग जाता जाता, "फरशीची गाडी नको म्हणून निरोप देतो."

एवढंच. मोटार गेली. आता पावसाळ्यात ओल येईल का, याची काळजी लागली आहे. माझे गुडघे किती दिवस टेकतील, तेही आहेच.

पण तुला शब्द देतो. दर सोमवारी सारवीन. माती पांढरीचीच आणीन, मागची घेणार नाही. हौसाबाई सोबत येते म्हणाली. वर पोचलं की दगडावर बसून पोटभर बोलायचं, मगच पाटी भरायची, असा तुमचा रिवाज होता म्हणे. तोही पाळीन. यायला उशीर होईल. दारात उभं राहून ओरडायला आता कोणी नाही.

ज्याला तू जन्मभर नुसतं "आवं" म्हणालीस,
तो मी