करवतीचे तोंड उगवतीला

साकीनाका, २१ नोव्हेंबर १९७१

तीर्थस्वरूप बळवंतदादा यांच्या पायांशी धाकट्या गुणाजीचा दंडवत. वहिनींचा दमा आणि तुमचा गुडघा, दोघांचीही खुशाली कळवावी. इकडे शेवंती बरी आहे, मी बरा आहे, यंत्र तर फारच बरे आहे. गाड्याची चौकट मी जोडली, ओंडका सरकवायची ट्रॉली मी केली, तिचे रूळ मी सरळ केले, पट्ट्याचे चाक मी कातले, चाकांखालच्या पाचरी मी तासल्या, आणि आता पाया, तोही मीच ओतला. इंजिन तेवढे विकतचे. (त्याचा पंप मात्र मी खोलून सुधारला. कंपनीच्या माणसाने येऊन तो बिघडवला, मी पुन्हा सुधारला.)

बारा वर्षे ही करवत चाकांवर फिरली हे तुम्हाला ठाऊक आहे. जिथे झाड पडेल तिथे गाडा न्यायचा, पाचरी ठोकायच्या, कापायचे, पुढे निघायचे. गेल्या माघात पवईच्या टेकडीवर आंब्याचा ओंडका चालू असताना एक पाचर सरकली. गाडा वीतभर पुढे आला आणि आपल्या वाडीतल्या लहूची उजव्या हाताची दोन बोटे गेली. पाचर माझ्या हातची होती. लहूने फक्त गमछा मागितला. त्याच दिवशी मी ठरवले की हे यंत्र यापुढे केसभरसुद्धा हलणार नाही, आणि त्यावर लहूला महिना नव्वद रुपये मी जगेन तोवर मिळतील. हे मी त्याच्या बायकोसमोर, सखुबाईसमोर, बोललो. म्हणजे ते बोलणे परत घेता येत नाही.

मग ही जागा घेतली. उत्तर-दक्षिण साठ फूट, पूर्व-पश्चिम तेहतीस. सिमेंटचे परमिट मिळायला चार महिने गेले, मिळाल्या तेरा गोणी. तेवढ्यात तुमचे पत्र आले की तुम्ही देवाला गाऱ्हाणे घातलेत आणि करवतीचे तोंड उगवतीला असावे असा उजवा कौल मिळाला. मी तो शिरसावंद्य मानला. नुसता मानला नाही, मोजला. (पूर्व म्हणून सूर्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ असतात. सूर्य रोज एका जागी उगवत नाही. मी अंगणात काठी रोवून सकाळची आणि दुपारची सावली आखली, दोहोंच्या मधोमध दोरी ताणली, आणि मग काटकोन काढला.) पाया पाच फूट खोल. पाणसळ चारही कोपऱ्यांवर लावली, बुडबुडा मधोमध. चाके काढून विकली. बोल्ट काँक्रीटमध्ये पुरले आणि नट आवळल्यावर त्यांची डोकी घणाने चपटी केली, कारण जे उघडता येते ते सैल होते.

दसऱ्याला नारळ फोडला. पहिले गिऱ्हाईक वेसाव्याचे तुळशीदास कोळी. त्यांना होडीच्या फळ्या हव्या होत्या, सागाचा ओंडका अठरा फुटी. पश्चिमेच्या रस्त्याने तो आत आला, ट्रॉलीवर चढला, मी पूर्वेकडे तोंड करून देवाचे नाव घेतले आणि रेटा दिला. करवत अशी चालली की लोण्यातून सुरी. थरथर नाही. मी लहूकडे पाहिले, तर तो करवतीकडे नाही, पलीकडे पाहत होता.

“गुणाजी,” तो म्हणाला, “हो ओंडको भायर जातलो खंय?”

दादा, अठरा फुटी ओंडक्याला करवतीच्या अलीकडे अठरा फूट लागतात, तशी पलीकडेही अठरा लागतात. बारा वर्षे पलीकडे रान होते, माळ होता. तो मोजायचा असतो हे मला कुणी शिकवले नाही, आणि मी कुणाकडे शिकलोही नाही. करवतीपासून नऊ फुटांवर शेजारच्या चंद्रप्रकाशच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याची भिंत आहे. ओंडका भिंतीला टेकला आणि थांबला. तो मागे ओढून काढायला दुपार गेली. तुळशीदासांनी शिवी दिली नाही, उलट पाया फार सुंदर झालाय म्हणाले आणि अर्धा चिरलेला साग घेऊन गेले. ते मला जास्त लागले.

उत्तर-दक्षिण बसवली असती तर जागा पुरली असती. पण देवाला दोष नाही, देवाला मी जागेचा नकाशा पाठवला नव्हता. फोडून पुन्हा ओतावे तर सिमेंट नाही, आणि चपटे केलेले बोल्ट माझ्याच्याने निघत नाहीत, इतके ते चांगले झालेत.

सध्या खोक्यांच्या फळ्या कापतो. साबणाची खोकी, साडेतीन फुटी. चार दिवस काम, दहा दिवस बसणे. बसायच्या दिवशी लहू रुळांवरचा गंज पुसतो. शेवंती सकाळी पापड लाटायला जाते. काल ती म्हणाली, “यंत्र हलू नये म्हणून केलंत ना? आता आम्हीपण हलत नाही.”

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पायाची जाडी कुणी विचारली तर पाच फूट सांगावी.

तुमचा,
गुणाजी

ता. क. लहू आणि सखुबाई येत्या मंगळवारच्या बोटीने विजयदुर्गला उतरतील. त्याला तुमच्या काजूच्या बागेत राखणीला ठेवा. डाव्या हाताने तो सगळे करतो. मी सांगितले म्हणून ठेवलेत असे त्याला कळू देऊ नका, तुम्हालाच माणूस हवा होता असे म्हणा. मी त्याला तसेच सांगितले आहे.

आणखी एक. शेवंती तुम्हाला वेगळे लिहील, त्याआधी माझ्याकडून कळलेले बरे. दिवाळीत चंद्रप्रकाश आपण होऊन आला होता. भिंतीला दोन फुटांची खिडकी पाडून देतो म्हणाला, ओंडक्याचे टोक त्याच्या कारखान्यात खुशाल येऊ दे, त्याच्या मागे मोकळेच आहे. माझ्या आखणीत त्याची खिडकी बसत नाही, असे सांगून मी त्याला परत पाठवले. भाडे मागत होता महिना चाळीस रुपये.