ट्यूबवाली का ट्यूबलेस

अण्णा,

परवा हिंगोलीत पंक्चरचं सामान घ्यायला गेलो होतो आणि दुकानातून तुमच्यावर चरफडत बाहेर पडलो. आता तुमच्यावर चरफडणं मला नवीन नाही. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली आणि अकराही वर्षं मी तेच करत आलोय. पण परवापर्यंत माझ्या रागाला एक पक्कं कारण होतं. ते त्या दुकानदारानं दोन मिनिटांत काढून घेतलं आणि दुसरं हातात दिलं, ते पहिल्यापेक्षा वाईट निघालं. घरात हे बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही असतात तर अर्ध्यातून उठून कुणाच्या तरी गाभण गायीकडं निघून गेला असतात. आता तरी पुरतं ऐकून घ्या.

पुण्याची कंपनी बंद पडली, मी सेनगावला परत आलो. एका बियाणे कंपनीचं काम मिळालंय, सोयाबीन-तुरीच्या गावांतून दिवसभर फिरायचं. त्यासाठी मोटारसायकल घेतली. छत्तिसाव्या वर्षी माझी पहिली गाडी, कारण पुण्यात कंपनीची बस दारात यायची. गाडी घरी आली, आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडायला लावला, आणि चावी काढून स्वतःच्या कमरेला खोचली. म्हणाली, “पंक्चरचं सामान आणल्याबिगर चावी मिळायची न्हाई. एक माणूस घालवलं म्या गाडी ढकलण्यापायी.” मी म्हटलं, अगं, आता जागोजागी दुकानं झालीत. तर म्हणे, “तवा बी व्हती.” नवी कोरी गाडी दारात उभी, आणि मी एसटीत लोंबकळत हिंगोलीला.

तुमच्या बाजूनं तो दिवस कसा गेला ते तुम्हालाच ठाऊक. आमच्यापर्यंत पोचला तो असा. वैशाखाचं ऊन. तांड्यावर एक म्हैस अडली होती, ती तुम्ही सकाळीच जाऊन मोकळी केलीत. चहा घेऊन निघालात आणि तांड्याच्या खालच्या वळणावर मागचं चाक बसलं. म्हशीचा मालक मागं पळत आला. नंतर आमच्या ओसरीवर बसून, टॉवेलनं डोळे पुसत त्यानं सांगितलं, “म्या म्हनलं, सायेब, गाडी ऱ्हाऊ द्या हितं, जीप येऊन राहिली, तिच्यात बसा. सायेब म्हनले, गाडी अशी वाऱ्यावर टाकून कसा जाऊ? डांबरी लागली की दुकान हाय, आत्ता पोचतो.” आत्ता पोचतो! चार किलोमीटरचा खडीचा रस्ता, त्यातला निम्मा चढ, आणि तुम्ही छप्पन्न वर्षांचे. तासाभरानं ती जीप तिकडून गेली तेव्हा तुम्ही गाडीच्या सावलीत बसलेले होतात, आणि उठवलं तर उठला नाहीत. गाडी मात्र स्टँडवर नीट उभी, हँडल लॉक केलेलं, चावी खिशात. छातीत कळ येत असताना कुणी हँडल लॉक करतं का हो, अण्णा? तुम्ही केलंत. मला त्या लॉकचा अजून संताप येतो. तेवढ्या वेळात हाका मारायच्या ना कुणाला!

मी पुण्याहून आलो तेव्हा सगळं उरकलं होतं, माझ्यासाठी थांबता येईना म्हणाले, ऊनच तसं होतं. तिसऱ्या दिवशी मी तुमची गाडी उघडून बसलो. करायला दुसरं काही नव्हतं. डिक्कीत जनावरांच्या दवाखान्याच्या सुया, एक फडकं, आणि खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती लाल पेटी. मी दिलेली. आत पंक्चर काढायची दोन अवजारं, सोल्युशनची नळी, तपकिरी चिकट वातींचं पाकीट, सगळं होतं तसं. एकही वात वापरलेली नाही. मी तिथंच अंगणात ओरडलो, शेजारचे धावून आले. सामान जवळ असताना ढकलत बसले! पाच मिनिटांचं काम, आणि हा माणूस जीव देऊन बसला! भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी ती पेटी उघडून दाखवली. लोक म्हणायचे, बघा, लेकानं एवढं घेऊन दिलं, काय उपयोग.

ते आईनं ऐकलं. एकदा नाही, तेराव्यापर्यंत रोज ऐकलं. आधी ती नुसती रडत होती, मग तिचं रडणं थांबलं. तुमचा फोटो मोठा करून आणला तर म्हणाली, समोरच्या खोलीत न्हाई लावायचा. तो अजून आतल्या खोलीत आहे, धान्याच्या कोठ्यांवर. हार वर्षातून एकदा, तोही मी घालतो. कुणी तुमचा विषय काढला की तिचं एकच वाक्य, “आमच्यापरीस त्यांला टायर लाडकं व्हतं.” आणि मी ‘हो ना’ म्हणून मान डोलवायचो. मला बरं वाटायचं, खरं सांगतो. रागाला दुसरं माणूस मिळालं की बरं वाटतं.

टायर लाडकं होतं हे काही खोटं नव्हतं. मी सोळा वर्षांचा असताना नरसीहून तुमची गाडी घेऊन येताना पंक्चर झालं होतं आणि मी शेवटचे दोन किलोमीटर तसाच बसून आलो होतो, उन्हाचं कोण उतरतंय म्हणून. तुम्ही भर चौकात, चहाच्या हॉटेलासमोर, सगळ्यांदेखत मला उभं केलंत. पंक्चरवाल्यानं टायर उपसून ट्यूब बाहेर काढली, ती वॉल्वपाशी फाटून लोंबत होती. ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “पाय न्हाईत का तुला? मुकं जनावर हाय ते. लंगडणाऱ्या जनावरावर बसून आला तू!” हॉटेलातले लोक हसत होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तुम्ही तसेच होतात. कुणी बैलाला जास्त ओझं घातलं, कुणी औषध अर्ध्यात सोडलं, की तुम्ही पाटील बघायचा नाहीत आणि पाव्हणा बघायचा नाहीत. चुकला की झाडलाच. सगळा तालुका तुम्हाला टरकून होता.

आणि ती लाल पेटी? मला तो दिवस लख्ख दिसतो. पुण्याच्या नोकरीची पहिली दिवाळी. आईला साडी, तुम्हाला ही पेटी. एका मोठ्या दुकानात काचेमागं मांडून ठेवली होती, विकणारा पोरगा म्हणाला होता, ‘कुठल्याही पंक्चरला, जागेवर.’ तुम्ही ओसरीत बसलाय, पेटी उघडताय, एकेक अवजार बाहेर काढून उजेडात धरताय. एक वात बोटांत धरून दाबून बघताय. मग ती परत जागेवर ठेवताय. मी म्हणतो, “अण्णा, आता पंक्चर झालं की ढकलायचं नाही, हे काढायचं.” तुम्ही माझ्याकडं बघता आणि म्हणता, “लै भारी हाय. बराबर आणलंस.” आणि उठून ती डिक्कीत ठेवून येता. एवढंच. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला पटलं.

आता परवाचं सांगतो. हिंगोलीतला दुकानदार वयस्कर, हातांना कायमचं काळं बसलेलं. मी म्हटलं पंक्चर किट दाखवा. त्यानं विचारलं, “ट्यूबवाली का ट्यूबलेस?” म्हटलं ट्यूबलेस, नवीन गाडी आहे. त्यानं तीन-चार पाकिटं फळीवर मांडली. एक उचलून बाजूलाच केलं, “ये मत लो, ह्याचा दांडा प्लास्टिकचा हाय. टायरात दाबताना मोडतो अन् तळहातात घुसतो.” लोखंडी आडव्या मुठीचं दिलं, जोर लावायला सोपं. वातीला नख लावून दाखवलं, “अशी चिकट पायजे. वर्षा-दोन वर्षानं बदलायची, वाळली की पकडत न्हाई.” मग म्हणाला, “और हवा? हवा काय तोंडानं भरता?” माझ्या डोक्यातच नव्हतं ते; पायपंपही घेतला. भोक बुजवल्यावर चाक फुगवायला पंप लागतो, आणि मी तुम्हाला दिलेल्या पेटीत पंप नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी आपला माझ्या नेहमीच्या गोष्टीवर घसरलो. ती मी भेटेल त्याला सांगतो. म्हटलं, काका, आमच्या वडलांकडं अस्संच सामान होतं, डिक्कीत, तरी उन्हात गाडी ढकलत गेले आणि वारले.

तो हळहळला. मग विचारलं, “गाडी कोणती व्हती तेंची?” मी सांगितलं. त्याचा हात थांबला. “तारांच्या चाकांची? ती तर ट्यूबवाली. मग ह्याचं काय करणार व्हते ते?” मी म्हटलं, म्हणजे? त्यानं समजावलं, लहान पोराला समजवावं तसं. ट्यूबलेसची हवा टायरातच असते, म्हणून टायरचं भोक वातीनं बुजतं. ट्यूबवाल्याची हवा आतल्या ट्यूबीत. तिला टायर उपसायला लोखंडी पट्ट्या लागतात, ट्यूब घासायला पॉलिशपेपर, वर ठिगळ. “ही टोकदार आरी तिच्यात घातली तर ट्यूबीचा सत्यानाश. तेंनी काढलं न्हाई ते बराबरच केलं. पर असलं सामान दिलं कुणी तेंला?”

मी म्हणालो, “काय माहीत. कुणीतरी दिलं असंल.”

अण्णा, तुम्हाला पेटी उघडल्या उघडल्या कळलं होतं. कळलंच असणार. तीस वर्षं त्या चाकांशी झगडलेला माणूस, तुम्हाला कळणार नाही? मग बोलला का नाहीत? सोळाव्या वर्षी भर चौकात माझी अब्रू काढायला तुमची जीभ चालली, आणि तेविसाव्या वर्षी ओसरीत, घरच्या घरात, ‘गाढवा, हे आपल्या गाडीला चालत न्हाई, बदलून आण’ एवढं बोलायला जड झालं? मला पगार आला म्हणून मी पाव्हणा झालो का? कमावत्या लेकाचं मन मोडायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? मोडायचं होतं मन! दोन दिवस तोंड पाडून बसलो असतो आणि पाडव्याला जाऊन बरोबरचं सामान आणलं असतं. चिडलो असतो, आणलं असतं. तुम्ही ते निकामी लोखंड दोन वर्षं डिक्कीत वागवलंत, मी सुट्टीला आलो की दिसावं म्हणून. आणि मी ते उघडून सगळ्या गावाला दाखवलं आणि तुम्हाला हट्टी ठरवलं. ‘लै भारी हाय’ म्हणे. तुमच्या त्या एका शब्दानं मला अकरा वर्षं मूर्ख बनवलं.

जीपमध्ये बसता आलं असतं, ते मी सोडणार नाही. गाडी तांड्यावर ठेवता आली असती, त्या माणसांनी ती जिवापाड जपली असती. तेवढा माझा राग खरा आहे आणि तो मी ठेवणार. पण उरलेला सगळा राग माझ्या घरचा होता आणि मी तो तुमच्या नावावर खपवला. आईनं तो विकत घेतला. ती त्यावर अकरा वर्षं जगली, आतल्या खोलीत तुमच्या फोटोखालून धान्य काढताना वर न बघता.

एसटीत बसून मी ठरवलं होतं की घरी जाऊन आधी तिला सांगायचं. वाक्यं जुळवत आलो. आई, ते सामान चुकीचं होतं, चूक माझी होती, अण्णांनी टायरसाठी तुला टाकलं नाही, त्यांच्याजवळ पंक्चर काढायला काही नव्हतंच. दारात पोचलो तर ती वाटच बघत होती. पेटी मागून घेतली, मांडीवर उघडली, कसं चालतं ते दाखव म्हणाली. मी दाखवलं. आरी फिरवायची, वात ओवायची, दाबायची, ओढायची. पायपंपानं हवा भरायची. तिनं सगळं नीट बघितलं आणि चावी काढून दिली.

मग विचारलं, “त्यांला दिलं व्हतंस ते असंच व्हतं का रे?”

मी म्हणालो, “व्हय.”

“एवढंच काम व्हतं?”

“एवढंच.”

ती वातीवरून बोट फिरवत राहिली. साठी ओलांडलेली बाई, डोळ्याला कमी दिसतं. म्हणाली, “माझ्यासाठी तेवढं बी करू वाटलं न्हाई त्यांला.” मी तोंड उघडलं होतं, अण्णा. शप्पथ, उघडलं होतं. आणि त्याच तोंडानं म्हणालो, “जाऊ दे आई, त्यांचा स्वभावच तसला.”

आईला वाचता येतं. म्हणून हे कागद घरात ठेवता येत नाहीत, लिहून झालं की फाडतोय.