पोरीनं नाव काढलं

प्रिय बाबा,

फोन ठेवल्यापासून प्रयोगशाळेतच बसून आहे. प्रोफेसर झाले म्हटल्यावर तुम्ही ओरडलात, "पोरीनं नाव काढलं!" मग विचारलंत, कशावरून निवडलं? मी म्हटलं, माझ्या एका शोधनिबंधाचा चारशे जणांनी आपापल्या निबंधांत उल्लेख केलाय, रसायनशास्त्र विभागात इतके उल्लेख कुणाचेच नाहीत. ते खरंच आहे. निवड समितीनंही तेवढा आकडाच पाहिला.

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून उरलेलं लिहिते. त्या चारशेंतले बहुतेक जण माझं नाव घेत नाहीत, बाबा, मला नावं ठेवतात. त्या निबंधातल्या कृतीनं पांढरे स्फटिक मिळतात, असं मी लिहिलं होतं. कुणालाच ते मिळत नाहीत. पुढे मलाही मिळाले नाहीत. पण उल्लेख मोजणाऱ्या संगणकाला शिवी काय नि शाबासकी काय, दोन्ही सारखीच. समितीपुढे हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि पाणी प्यायले.

मघाशी फोनवर तुम्ही म्हणालात, "एखाद्यानं काय लिहिलंय ते वाचून तरी दाखव." एक निबंध समोरच उघडा होता. 'आम्ही यांची कृती तंतोतंत करून पाहिली, पण हाती काळा चिकट गाळ आला.' मी 'करून पाहिली'पर्यंत वाचलं आणि थांबले.

"वा!" म्हणालात, आणि आईला हाक मारलीत. "अगं, इकडे ये, ऐक जरा. हं, वाच परत."

मी परत वाचलं. त्याच जागी थांबले.

तुमची,
बबडी