दादाची रिकामी जागा

१२ ऑगस्ट १९८६, कार्तिए मिलितेर

दादा गेल्यावर साखर कारखान्यातला त्याचा कॉम्प्युटर प्रोग्राम मीच सांभाळते. उसाचा एक ट्रक वजन होऊन गेला की कॉम्प्युटर रांगेतल्या मागच्या सगळ्या ट्रकांचे नंबर यादीत एकेक घर पुढे सरकवतो. फार वेळ जातो, आजही ट्रक अडकून पडले. साहेब म्हणाले, "उद्याही अडकलं तर हे काढून टाकू." कारखान्यात दादाचं तेवढंच उरलंय.

दुपारी घरी जेवताना मी त्याच्या खुर्चीकडे सरकले. आई ओरडली, "राहू दे गं रिकामी! तुला तुझी जागा नाही का?"

तेव्हा सुचलं. कोणाला सरकवायचंच नाही. गेलेल्याचं घर रिकामं ठेवायचं, पुढचा नंबर कुठे आहे तेवढं लक्षात ठेवायचं.

संध्याकाळी कारखान्यात प्रोग्राममधल्या त्याच्या ओळी खोडून माझ्या लिहिल्या. चुकलं असेल तर? उद्या ट्रक आले की कळेल.

आई झोपल्यावर त्याची खुर्ची पुसली. होती तिथेच ठेवली.