पासिंगला परत

जानेफळ
बुधवार, दि. १४ मे २०२५

ती. धम्मशीलाताईस,
धाकट्या भावाचा, प्रसेनजितचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडेही ठीक असेल असं धरून चालतो. ऊन असं तापलंय की दुपारी गॅरेजात पाना हातात धरवत नाही. वंदनाचे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझी भाची करिष्मा बारावी पास झाली, एकाहत्तर टक्के. तिनं तुला फोनवर सांगितलंच असेल. तुम्ही दोघी बोलता हे मला ठाऊक आहे आणि त्याचं बरंच वाटतं.

माझं पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पण माझा नंबर तू सहा वर्षांपासून बंद करून ठेवला आहेस. दारात आलो तर दार लावून घेशील, आणि खरं सांगायचं तर जे सांगायचं आहे ते तोंडानं सांगायची हिंमतही नाही. आमच्या शेजारची गोजरबाई उद्या नांदुऱ्याला माहेरी चालली आहे. वडनेरला उतरून पत्र तुझ्याच हातात दे असं तिला बजावलं आहे. सोबत एक कापडी पिशवी आहे. तिची गाठ आत्ता सोडू नकोस. कोणाचीही पिशवी आली की आधी गाठ सोडायची तुझी लहानपणची सवय, म्हणून सांगतो. आधी वाच.

काम एवढंच आहे की शुक्रवारी तुझ्या रवीची गाडी निघता कामा नये.

हे मी करिष्माकडून कळवून पाहिलं. तुझं उत्तर तिनं जसंच्या तसं सांगितलं, "त्याच्या निरोपावर आमची गाडी थांबत नाही म्हणा." बरोबर आहे. सख्ख्या मेहुण्याच्या मातीला जो आला नाही, त्याच्या निरोपाला कोण विचारतं? म्हणून निरोप सोडून हे लांबलचक लिहायला बसलो आहे.

रवी दिवाळीत माझ्याकडे आला होता. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती, ती आज मोडतो. भाड्याच्या गाडीत ऐंशीच्या पुढे जाऊ न देणारं यंत्र असतं, ते तुला माहीत आहे. पायाखालचं पॅडल दाबलं की इंजिनाला वर्दी जाते. यंत्राचा डबा त्या दोघांच्या मध्ये बसतो आणि ऐंशी झाले की पुढची वर्दी जाऊच देत नाही. रवीनं तो डबा बाहेर कुठंतरी काढून घेतला होता. मी खूप बोललो त्याला. तर हसून म्हणतो, "काऊन एवढा तापून राह्यला मामा? सगळेच काढतात. आरटीओच्या पासिंगले लावतो न परत. तू मले फक्त क्रूझ बसवून दे."

क्रूझचं काम त्याच्या उलट. पहिला डबा आकड्याच्या वर जाऊ देत नाही, हा खाली येऊ देत नाही. बटण दाबून वेग ठरवायचा आणि पाय काढून घ्यायचा. चढ लागला, गाडी मंदावली, की डबा आपण होऊन इंजिनाला जास्त देतो. उतार लागला की कमी करतो. आणि ब्रेकला पाय लागला की सोडून देतो. आता पुढचं नीट वाच ताई, कारण सगळं या सोडून देण्यावर आहे.

मी क्रूझ बसवून दिलं. मला वाटलं, ऐंशीवर लावून दिलं तर पोरगं ऐंशीवर राहील. तसं त्याच्याकडून वदवून घेतलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. का, ते खाली येईल.

ब्रेकला पाय लागला हे त्या डब्याला आपोआप कळत नाही. त्याला वायर द्यावी लागते. डब्यासोबतच्या कागदावर दोन वायरी दोन जागी जोडा असं लिहिलं होतं, एक मागच्या लाल लाइटवर आणि एक वेगळी, थेट पॅडलजवळ. रवीला घाई होती, खाली वाकून माझी कंबर मोडली होती. मी लाइटवरची एकच जोडली. लाल लाइट लागली की डब्याला कळेल ब्रेक दाबला, चाललं काम. वीस वर्षं हा धंदा करतो आणि असा हलगर्जीपणा केला.

लग्नसराई लागली तशी रवीनं मागच्या काचेला लुकलुकणाऱ्या लाइटची माळ लावून घेतली. ब्रेक दाबला की सगळी माळ नाचते म्हणे. ती जोडली त्याच लाल लाइटच्या वायरवर. तिला तो भार सोसेना. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, मांगचा फ्यूज तीनदा उडाला. आता मांगची लाइटच लागून नाही राह्यली. सीझन झाला की येतो."

मी हातातला चहा तसाच ठेवला. म्हटलं, "रवी, क्रूझ लावू नको. गाडी आत्ता आण."
"ब्रेक तर लागते न मामा?"

ब्रेक लागतो ताई. पण लाल लाइट गेली म्हणजे डब्याला ब्रेकचं काही कळतच नाही. रवी ब्रेक दाबेल, वेग कमी होईल, आणि डब्याला वाटेल चढ लागला. तो इंजिनाला आणखी देईल. पोरगं थांबवायला पाहतं आणि गाडी पुढं रेटते. समजायला त्याला दोन-तीन सेकंद लागतील. शंभर-एकशेवीसवर दोन-तीन सेकंदांत किती जागा जाते, ते मी तुला सांगत बसत नाही.

हे सगळं त्याला फोनवर समजावलं. "हाव, हाव, पाहतो" म्हणाला. आता तोही फोन उचलत नाही. सोमवारी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, मी तुमच्या वडनेरच्या फाट्यावर दोन तास उन्हात उभा होतो. गाडी आली, सीटा भरलेल्या. मी हात केला. त्यानं काच खाली करून "मामा, जागा नाही बे!" म्हणत हात हलवला. माझी थट्टाच केली पोरानं. पुढं गतिरोधक आहे, तिथं गाडी मंद झाली. मागून मी पाहत होतो. एकही लाल लाइट लागली नाही. मग ती हायवेला लागली आणि दिसेनाशी झाली.

करिष्मा म्हणते, शुक्रवारी पहाटे तुमची मंडळी नागपूरला लग्नाला निघणार, खामगाववरून मेहकरला येऊन समृद्धीवर चढणार. मोकळा, सरळ रस्ता. तिथं तो क्रूझ लावणारच. आणि पुढच्या सीटवर तू असणार.

आता तू म्हणशील, या प्रसेन्याचं मी काऊन ऐकू? म्हणून आता ते लिहितो, जे लिहायचं टाळत इथपर्यंत आलो.

भाऊजी गेले तेव्हा लोक म्हणाले, शालिग्राम भरधाव होता. तू कोणाचं ऐकून घेतलं नाहीस. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भरल्या मंडपात म्हणालीस, "माह्या माणसाची गाडी ऐंशीच्या वर जातच नव्हती. यंत्र होतं तिच्यात." पोलिसांच्या साहेबालाही हेच ऐकवून आलीस. चूक समोरच्या ट्रकची, असं तू सहा वर्षं धरून आहेस आणि त्याच आधारावर उभी आहेस, हे मला माहीत आहे.

यंत्र नव्हतं ताई. मी काढलं होतं.

मार्चात पासिंग झालं आणि तिथून ते सरळ माझ्याकडे आले. म्हणाले, "साल्या, काढ बे हे लोढणं, मांगचे हॉर्न वाजवून जीव घेतात." मी काढलं. सगळ्यांचं काढत होतो. दहा मिनिटांचं काम. आमच्या गॅरेजात त्यासाठी भिंतीला खिळे आहेत. काढलेला डबा खिळ्याला टांगायचा, त्याला पुठ्ठा बांधायचा आणि पुठ्ठ्यावर मालकानं आपल्या हातानं नाव लिहायचं, म्हणजे पुढच्या वर्षी अदलाबदल होत नाही. भाऊजींनीही लिहिलं. दोन महिन्यांनी ते गेले. त्यांचा डबा न्यायला कोणी आलं नाही.

मातीच्या दिवशी मी कपडे घालून तयार होतो. चप्पल घ्यायला गॅरेजात गेलो आणि समोर तो खिळा. शटर आतून ओढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो. तुला तोंड दाखवलं असतं तर सांगावं लागलं असतं. त्या दिवसापासून मी एकाही गाडीचं यंत्र काढलेलं नाही. पण त्यानं काय होतं? रवीला ऐंशीवर ठेवून मी माझं मन धुवायला निघालो होतो, आणि बापाचं केलं ते पोराचंही करून बसलो.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. चावी काढून घे. त्याला मामाचं नाव सांगू नको, बापाच्या गाडीत यंत्र नव्हतं एवढं सांग. तो ऐकेल. आणि एवढं करूनही गाडी निघालीच, तर स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला मी लावलेलं लाल बटण आहे. ते दाबलं की क्रूझचा डबा बंद पडतो. गाडी रेटायला लागली की ब्रेकसोबत ते दाबायचं. तूही डोळ्यांनी पाहून ठेव.

मी शुक्रवारी पहाटेपासून मेहकरला समृद्धीवर चढायच्या वळणावर उभा राहीन. मी हात केला तरी गाडी थांबणार नाही, हे मला माहीत आहे. तुझं उत्तर मला नको. गाडी आली नाही, तर तेच उत्तर समजून घरी जाईन.

आता पिशवीची गाठ सोड. पुठ्ठ्यावर लिहिलं आहे, "शालिग्राम, वडनेर. पासिंगला परत." अक्षर तू ओळखशील.

तुझ्या दाराबाहेरचा,
प्रसेनजित