लेबल तुमच्याकडे वळवून

प्रिय आणि आदरणीय मौनीबाई यांस,
(दोन्ही विशेषणं एकदम लिहिली, कारण नुसतं ‘प्रिय’ तुम्हाला सलगी वाटेल आणि नुसतं ‘आदरणीय’ शोकसभेत शोभेल.)

काँव्हेंटबाईचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंत. मी गुडघ्याबरोबर चष्म्याचा नंबर, झोप, तुमच्या धाकट्या बहिणीचा स्वभाव आणि तिच्या कुत्र्याचा खोकला, अशी सगळ्यांची चौकशी केली होती. सगळ्यांना मिळून उत्तर एकच, ‘बरा आहे’. आता हे गुडघ्याचं की कुत्र्याचं, याचा विचार करण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब आहे, पण तो रागामुळे वाढत नाही, उलट रागच रक्तदाबामुळे येतो, असं मी डॉक्टरांना पटवून दिलं आहे. त्यांनी मान्य केलं (बाहेर बरीच माणसं खोळंबली होती).

हे पत्र मी संतापाच्या भरात लिहिते आहे, म्हणून अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं आहे. शाळेत सिस्टर सांगायच्या, राग आला की निदान अक्षर तरी सांभाळावं. कारण असं, की ज्या हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत तुम्ही आणि मी शेजारी-शेजारी स्टुलांवर बसून केस पिकवले, तिथून मला बोलावणं आलं. ‘कामाच्या ठिकाणी परस्परांचा आदर’ या विषयावर कर्मचाऱ्यांचं शिबिर, आणि मी प्रमुख पाहुणी! निवृत्त झाल्यापासून तिथून एकदाच फोन आला होता, तोही कुठल्याशा कपाटाची किल्ली मी घरी नेली का म्हणून (नेली नव्हती. कपाटाला कुलूपच नव्हतं. दार जरा उचलून ओढावं लागतं, हे तिथे आता कुणाला ठाऊक नाही). तरीही मी हुरळले, खोटं कशाला बोलू? ठेवणीतले कपडे काढले, भाषण लिहिलं, आरशासमोर उभी राहून म्हटलं. सूनबाई म्हणाली, ‘आई, जरा लांब होतंय.’ मी म्हटलं, नोकरीही लांबच होती.

दारातच एका मुलीने माझ्या खांद्याखाली एक कागद चिकटवला आणि त्यावर माझं नाव लिहिलं. नुसतं नाव. आडनाव नाही, बाई नाही, काही नाही. बरणीवर ‘हळद’ लिहावं तसं. शिबिर घेणारा तरुण बाहेरून आणलेला होता. त्याच्या गालावर माशी बसावी तसा इवलासा माईक होता, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव गालमाशी ठेवलं. तो म्हणाला, ‘आज इथे कोणी सर नाही, कोणी मॅडम नाही. फक्त नावं आणि अरे-तुरे!’ मग माझ्याकडे वळून त्याने माझं नाव घेतलं आणि विचारलं, ‘कसं वाटतंय तुला?’ मौनीबाई, माझे यजमान गेले त्याला किती वर्षं झाली. तेसुद्धा मला हाक मारताना आधी खाकरायचे. मी म्हटलं, ‘छान. तुझी आई कशी आहे, बाळा?’ सगळे हसले. त्याला वाटलं मी खेळात सामील झाले, म्हणून त्याने टाळी मागितली. इतका निर्मळ मुलगा की त्याच्यावर रागावता येईना, आणि त्यामुळे आणखीच राग आला.

पुढे विश्वासाचा खेळ निघाला. डोळे मिटायचे, पाठीमागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं. माझ्या वाट्याला आला स्टोअरकीपर. तोच तो, ज्याच्याकडे कापूस मागितला की बँडेज यायचं आणि बँडेज मागितलं की तो रजेवर जायचा. मी स्वच्छ नकार दिला. सांगितलं, ‘मी आयुष्यभर एका बाईंच्या शेजारी बसले. आम्ही एकमेकींच्या भरवशावर त्या खिडकीतून लोकांना औषधं दिली. पण मी एकदाही त्यांच्या अंगावर पडले नाही. त्यांना ते आवडलं नसतं.’ तेव्हा उदाहरण घालून द्यायला आपल्या विभागाचे नवे साहेब उठले. माणूस सज्जन आहे, फक्त उत्साह अंमळ जास्त. त्यांनी डोळे मिटले, हात पसरले आणि दिलं स्वतःला सोडून. नेमका त्याच क्षणी स्टोअरकीपरचा फोन वाजला आणि तो खिशात हात घालून ‘हॅलो’ म्हणाला. साहेब थेट प्रमुख पाहुण्यांच्या टेबलावर, म्हणजे माझ्या पुष्पगुच्छावर आणि त्याखाली ठेवलेल्या माझ्या भाषणावर. भाषण जाडजूड होतं म्हणून बरं, नाहीतर कंबरच मोडली असती. फुलदाणीचं पाणी मात्र भाषणभर पसरलं आणि शाई वाहून गेली. (सूनबाईला हे सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन हसून आली. मला ऐकू येतं.)

तेव्हा मला तोंडी बोलावं लागलं. आणि खरं सांगते, तोंडी बोलायला उभी राहिले तर तुमच्याखेरीज दुसरं काही आठवेना. मी म्हटलं, आमच्या वेळी डिस्पेन्सरीत कामाची एक रीत होती. डॉक्टरांची चिठ्ठी एकीने वाचायची, औषध काढून काउंटरवर ठेवायचं. दुसरीने ते चिठ्ठीशी ताडून पाहायचं, मगच खिडकीबाहेर द्यायचं. दुसरीला काही खटकलं, तर ती बोलायची नाही. ‘चुकलात’ नाही, ‘अहो’ नाही, घसा खाकरणंही नाही. ती फक्त बाटली हळूच फिरवायची, लेबल ठेवणारीकडे वळवायची, आणि दुसरीकडे बघायची. ठेवणारी लेबल वाचायची, बाटली परत न्यायची, बरोबर ती आणायची. बस्स. खिडकीबाहेर तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला काय दिसायचं? दोन बायका बाटल्या नीट लावताहेत. तिचा आमच्यावरचा विश्वास तसाच राहायचा आणि आमची मान ताठ राहायची. कधी त्या बाईंनी माझ्यासाठी वळवली, कधी मी त्यांच्यासाठी. कुणी कितीदा, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. संध्याकाळी खिडकी बंद करताना त्याचा विषय निघाला नाही, भांडणातसुद्धा नाही. (भांडणं कशावरून व्हायची ते मी सांगितलं नाही. पंख्याचं तोंड कुणाकडे, हे त्या मुलांना कळलं नसतं.)

गालमाशीने मन लावून ऐकलं. मग फळ्याकडे गेला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘संवादाचा अभाव’. म्हणाला, ‘बघा, पूर्वी माणसं अशी मनात ठेवायची! आता आपण काय करायचं? तोंडावर बोलायचं!’ टाळ्या पडल्या. स्टोअरकीपरनेही वाजवल्या, फोन कानाला धरून, मांडीवर.

चहाची सुट्टी झाली तशी मी उठले. घरी जायचं म्हणून उठले होते, पण पाय डिस्पेन्सरीकडे वळले. खिडकी तीच आहे, मौनीबाई. तिची लाकडी कड आपल्या मनगटांनी गुळगुळीत झाली आहे, तीही तशीच. औषधांचा तो गोडसर, ओलसर वास मात्र गेला. आता सगळं खोक्यांत येतं. काउंटरवर एक यंत्र बसवलं आहे. औषध त्याच्या लाल दिव्याखाली धरायचं. बरोबर असेल तर ते गप्प बसतं आणि चूक असेल तर किंचाळतं. वर टांगलेला पडदाही लाल होतो, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळावं की ही मुलगी चुकली. मुलगी एकटीच होती. बाकीचे सगळे आदर शिकायला गेले होते. यंत्र किंचाळलं आणि रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, ‘अहो, शिकून आलात ना?’ पोरीचे कान लालबुंद झाले. ती घाईघाईने पुढची चिठ्ठी घेऊन खोक्यांकडे वळली, आणि अशा घाईत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मला आत कोणी बोलावलं नाही, मी गेले. तुमच्या स्टुलावर खोकी रचली होती. ती उतरवली (खाली ठेवली, फेकली नाहीत) आणि मी माझ्या स्टुलावर बसले. तिने विचारलं, ‘आपण कोण?’ मी म्हटलं, ‘मी शिबिराची प्रमुख पाहुणी आहे. तुमचं चालू द्या.’ तिने एक खोकं काढून ठेवलं. निळं खोकं, नाव बरोबर, पण चिठ्ठीत होती त्याच्या दुप्पट ताकदीची गोळी. दोन्ही खोकी जुळ्या बहिणींसारखी दिसतात. यंत्राखाली जायच्या आत मी ते हळूच फिरवलं आणि पंख्याकडे बघू लागले. मुलगी टापटिपीची. तिने ते पुन्हा सरळ केलं. मी पुन्हा फिरवलं. तिने पुन्हा सरळ केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझी सूनबाई पाहते, मी तिची कपाटं आवरायला घेतली की. मग मात्र मी फिरवून लेबलावर बोट ठेवलं. तिने वाचलं. चिठ्ठी वाचली. खोकं परत नेलं, दुसरं आणलं, दिव्याखाली धरलं. यंत्र गप्प. तो गृहस्थ औषध घेऊन उकाड्याबद्दल कुरकुरत निघून गेला. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही! पुढचं औषध मुलीने काढलं ते यंत्राकडे नेलंच नाही. माझ्यासमोर ठेवलं आणि थांबली. खिडकीबाहेर बघत, अगदी तुमच्यासारखी. मौनीबाई, ते खोकं बरोबर होतं, आणि तरी मला ते लवकर पुढे सरकवता येईना.

घरी सगळे मायेचे आहेत, पण इथे सगळं तोंडावर बोललं जातं. ‘आई, गॅस चालू राहिला.’ ‘आई, हे तू आत्ताच सांगितलंस.’ पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर. मी उत्तर दिलं नाही तर मला ऐकू आलं नाही असं समजून मोठ्याने. चूक असतेच, माझं तेवढं गणित पक्कं आहे. परवा मी मिठाची बरणी साखरेच्या जागी ठेवली. दुपारी बघते तर तिच्यावर कागद चिकटवलेला, जाड अक्षरात ‘मीठ’. कुणी नुसती वळवून ठेवली असती तरी मला कळलं असतं. हल्ली कधी कधी काही काढून ओट्यावर ठेवलं की मी सवयीने क्षणभर थांबते, शेजारून कुणी फिरवतंय का बघते. शेजारी भिंत आहे.

असो. सांगायचा मुद्दा इतकाच, की त्या जागेत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. तसं मी नव्या साहेबांना खडसावून कळवलं आहे (आधी त्यांच्या कमरेची चौकशी केली). मी इथे पूर्ण सुखात आहे, मला कुणाची उणीव भासत नाही. बहिणीला नमस्कार, कुत्र्याला जे काही देता येईल ते.

तुमची
काँव्हेंटबाई

ता. क. ‘पुन्हा पाऊल टाकणार नाही’ असं वर लिहिलं आहे, त्यापुढे ‘मंगळवार आणि शुक्रवार सकाळ सोडून’ असं वाचावं. त्या मुलीने साहेबांना काय सांगितलं देव जाणे. त्यांचा फोन आला की नव्या मुलींशेजारी येऊन बसाल का. मी ताडकन नाही म्हटलं. म्हटलं, हे एकटीने शिकवायचं काम नाही, एक ठेवणारी लागते आणि एक वळवणारी. त्यांनी विचारलं, ‘मग दुसऱ्या बाई कुठे असतात?’ आता विचारल्यावर पत्ता देणं भाग होतं. त्यांचं पत्र येईल, त्यात ‘आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ’ वगैरे असेल. घाबरू नका, माणूस पडतो पण वाईट नाही.

ता. क. २. माझ्या घरातली मागची खोली रिकामी आहे. जिना चढावा लागत नाही, उजेड भरपूर, पंखा तुमच्याकडे. मी आग्रह करत नाही. सूनबाईने विचारलं, ‘त्या फार बोलतात का?’ मी सांगितलं, तुला सासू म्हणून त्याच हव्या होत्या. तुमच्या स्टुलाच्या आखूड पायाखाली तुम्ही घातलेली पुठ्ठ्याची घडी अजून तिथेच आहे. मी ती हलवली नाही.

ता. क. ३. या पत्रालाही ‘बरा आहे’ असं उत्तर येणार, हे मला दिसतं आहे. ते पाठवू नका. पत्रात काही चुकलं आहे असं वाटलं, तर लिहून कळवू नका. पत्र सोबत घेऊन या, माझ्यासमोर ठेवा, अक्षरं माझ्याकडे वळवा आणि खिडकीबाहेर बघत बसा. मी वाचेन.